पांढऱ्या बर्फाच्या नादी लागू नका

बेल्ट काढ, म्हणाले बाबा.
टॅलिनहून परतताना, साध्या डांबरी रस्त्यावर,
जूनच्या लख्ख उन्हात.
आणि स्वतःचा काढलाही एका झटक्यात,
सकाळी शर्टाचं तिसरं बटण ज्यांना सापडत नव्हतं
त्याच बोटांनी.

चोवीस हिवाळे त्यांनी समुद्रावर रस्ता आखला.
हीउमा बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.
गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, काठी बुडवायची,
जाडी वहीत टिपायची,
मग कडेनं जुनिपरच्या फांद्या रोवत जायचं
की धुक्यातही माणसाला कळावं, रस्ता इथून आहे.
नियम मोजके.
बेल्ट लावायचा नाही, गाडी बुडाली तर उडी मारता यावी.
थांबायचं नाही.
वेग पंचवीसच्या आत, नाहीतर चाळीसच्या वर;
मधल्या वेगाला खालचं पाणी लाट होऊन उठतं
आणि बर्फ आतून फोडतं.
एक नियम वहीत नव्हता, तो आम्हा पोरांसाठी:
काळा बर्फ पक्का. पांढऱ्याच्या नादी लागू नका,
त्याच्या पोटात हवा असते.

डॉक्टर उइबोंनी पडद्यावर बाबांचा मेंदू लावला
तेव्हा मला आधी तो पांढराच दिसला.
पोकळ्यांच्या कडेनं सांडलेला, ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला.
म्हणाले, करडा भाग बराच शाबूत आहे.
बिघाड पांढऱ्यात आहे. तो तारांचा भाग,
इकडचं तिकडे नेणारा.
बारीक रक्तवाहिन्या आखडल्या, तारांवरचं वेष्टण झिजलं.
गंमत म्हणजे झिजलेलं पांढरं
चित्रात जास्तच पांढरं दिसतं.
गंमत म्हणाले, आणि मग उगाच पेन शोधू लागले.

बाबा पडद्याकडे बघत होते
बर्फाकडे बघायचे तसे, डोळे बारीक, मान किंचित कलती.
"यंदा रस्ता उघडू नका," म्हणाले.
डॉक्टरांनी ते लिहून घेतलं,
कुठल्या रकान्यात, मला दिसलं नाही.

म्हणजे गावं सगळी जागेवर आहेत.
आजीच्या विहिरीचा रहाट, पहिल्या ट्रकचा नंबर,
माझ्या दुधाच्या दाताची डबी, सगळ्या घरांत दिवे आहेत.
पोचता येत नाही, एवढंच.
पाऊल उचलून टाकत नाहीत आता, घासत नेतात,
स्वयंपाकघराच्या फरशीवरसुद्धा,
जणू खाली किती इंच आहे त्याची खात्री नाही.

गेल्या महिन्यात सकाळी विचारलं, चीज की मासा?
उत्तर आलं मी चादरी वाळत घालत असताना:
मासा.
मी हसले. मग हसायचं थांबले.
इतके महिने मी काय करत होते?
त्यांचं वाक्य निघालेलं असायचं, भर समुद्रात असायचं,
आणि मी मागून दुसरा प्रश्न ढकलायची, मग तिसरा,
चीज का, चहा देऊ का, ऐकताय ना.
वहीतला एक नियम मी विसरलेच होते:
दोन गाड्यांत अडीचशे मीटर.

दवाखान्याच्या जिन्यावर मी हळूच विचारलं होतं,
भीती वाटते का?
ते कठडा धरून उतरत राहिले.
हापसालू मागे पडलं, धक्का आला, बोट आली.
गेली कित्येक वर्षं समुद्र नीट गोठलाच नाही,
उन्हाळा-हिवाळा बोटच.
डेकवर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या,
कुणीतरी मुलाला आइस्क्रीम पुसत होतं,
आणि बाबा म्हणाले,
"तडतडतो तोवर नाही वाटत.
गप्प झाला की मग."

पुढे काहीतरी होतं. ओठ हलत होते.
मी अडीचशे मीटर थांबले.

बोट लागली. फळी पडली.
त्यांचा बेल्ट मी पुन्हा लावला,
त्यांनी पुन्हा काढला,
आणि घरापर्यंतच्या रस्त्यावर मी काटा चोवीसवर ठेवला.
मागचा लाकडाचा ट्रक हॉर्न वाजवत होता,
वाजवू दे.