उजव्या बाजूचा सायलेन्सर

खोक्यात पुठ्ठा, मग फोम, मग प्लास्टिक, मग आणखी प्लास्टिक,
आणि शेवटी दोन लांब नळ्या, इतक्या चकचकीत
की इसाचं नाक त्यांत भोपळ्याएवढं दिसलं.
बापाला आम्ही इसा म्हणतो.
पणजोबा फिनलंडहून इथल्या लोखंडाच्या खाणीत आले,
त्यांच्या भाषेतले शब्द आमच्याकडे उरलेत पाच-सात.
त्यातला हा एक.

मे संपत आला तरी गॅरेजमागे हातभर बर्फ.
उत्तर मिनेसोटातला उन्हाळा
उशिरा येतो आणि टेकतही नाही,
म्हणून घाई.

जुने नट गंजून बसलेले.
रात्री तेल पाजलं, सकाळी पुन्हा पाजलं,
मग ज्योत दाखवली. तरी मागच्या सिलिंडरचा एक
हटून बसला तो बसलाच.
इसा म्हणाला, शिवी दे.
मी इंग्रजीत दिली.
आपल्या भाषेत दे, म्हणाला.
पाच-सातांत तोही एक शब्द आहे.
नट सुटला.

इसाचे कान कारखान्यात गेले,
बत्तीस वर्षं दगड दळणाऱ्या चक्क्यांच्या शेजारी.
आता आम्ही बोलतो, तो आमचे ओठ बघतो.
मोटारसायकलीला ओठ नसतात.
मागच्या सप्टेंबरात चालू गाडीवर
त्यानं पुन्हा स्टार्टर दाबला.
दातांवर दात घासले गेले ते मी ऐकलं,
त्यानं माझा चेहरा पाहिला फक्त.
म्हणून हे पाइप.

जुना उजवा फरशीवर ठेवताना दिसलं:
वळणाच्या आतल्या अंगाला, क्रोमवर,
तपकिरी, कडेला निळसर, भाजून पक्का झालेला
एक अंगठा. अख्खा, भोवऱ्यासकट.
त्र्याण्णव साली गाडी नवी आली तेव्हा
तेलकट हातानं कुरवाळली असणार.

सत्त्याण्णवात कन्व्हेयरच्या पट्ट्यानं त्याचा अंगठा घेतला,
आणि भरपाईच्या वेळी कंपनीनं आपला दाखवला.

तो गुडघ्यावर बसला, कुरकुरत.
त्या डागावर हाताची ती रिकामी जागा टेकवली,
माप घेतल्यासारखी.
"बारीक होतो तेव्हा," म्हणाला,
आणि नवे गॅस्केट मागितले.

मग काय, नेहमीचं काम.
तांबड्या ग्रीसचं बोट, नट आधी सैल,
पुढचा, मागचा, पुन्हा पुढचा, मग घट्ट.
माहितीपत्रकात ठळक अक्षरांत:
चालू करण्याआधी बोटांचे सगळे ठसे पुसा,
तापल्यावर निघणार नाहीत.
स्पिरिट आणि जुना उशीचा अभ्रा घेऊन
मी माझे पुसले, त्याचे पुसले.
माझ्यामागून त्यानं पुन्हा पुसलं,
चष्मा कपाळावर चढवून, एकही न ठेवता.

पहिल्या ठोक्याला शेल्फवरचा स्क्रूंचा डबा सरकून पडला.
नळ्यांतून नव्या तेलाचा पांढरा धूर.
इसानं टाकीवर तळवा ठेवला होता. तो काढून घेतला.
नंतर तोंड किंचित उघडं ठेवून उभा राहिला,
मूल पहिल्यांदा समुद्र बघतं तसा.

कुंपणापाशी झुपानांचा रूडी हातवारे करत आला.
"काय म्हणतोय?"
"आवाज कमी करा म्हणतोय."
"मग नीट बसलेत," इसा म्हणाला.

जुना डावा भंगारात गेला, साडेतीन डॉलरला.
उजवा सौनाच्या दाराशी उभा आहे.
वाऱ्यानं दार आपटतं म्हणून टेकू दिलाय,
असं तो म्हणतो.
ते दार आत उघडतं.