नाक

एकंब्याच्या माळाखाली गजराकाकीचं वीस गुंठे आलं.
पहाटे ती सरीत ओणवी व्हायची,
चिमूटभर माती नाकाशी धरायची,
आणि म्हणायची, "तिसरी गादी. विहिरीच्या अंगाला. लागलीय."
वर पान हिरवंगार.
आम्ही कोंब ओढायचो, तो अलगद हातात यायचा,
बुडाशी मऊ, पाणी सुटलेलं.

गेल्या साली तापात काकीचं नाक गेलं.
शेण, फोडणी, चुलीचा धूर,
सगळं नुसतं ऊन किंवा गार.
दुकानदारानं बाटली पुढं केली.
काकीनं बूच उघडून हुंगलं, परत लावलं.
"वासच येईना, तर भ्यायचं कशानं?"

म्हणून यंदा हात.
होळीनंतर भिजवलेल्या रानावर पातळ कागद ताणला,
आखाजीपर्यंत माती आपल्याच वाफेत शिजली.
बेणं निवडताना एकेक गड्डा मी मोडून पाहिला.
कट्‌कन वाजला तो पाटीत,
गप्प राहिला तो खड्ड्यात, वर चुना.
गाद्या वीतभर उंच, चर खोल.
कूज पायांनी येत नाही, काकी म्हणते,
पाण्यात बसून येते.

आणि लिंबाखाली तो ढीग:
शेणखत, गुळाचं पाणी,
रहिमतपूरहून आणलेली बुरशीची पुडी, वर ओलं गोणपाट.
आठव्या दिवशी गोणपाट उचललं
तर शिळ्या भाकरीवर येतो तसला हिरवा रंग.
"बुरशीवर बुरशी?" मी म्हटलं.
"गावातला भांडखोर वेशीवर बसवायचा," काकी म्हणाली,
आणि दोन्ही हातांनी कालवू लागली.

भाद्रपदात सहा दिवस झड.
सातव्या दिवशी कोपऱ्यातली अकरा रोपं पिवळी.
अकराच, पण मोजताना मांडी थरथरली.
मातीसकट काढली, खोरं चुन्यात बुडवून धुतलं,
आणि वाकले तेव्हा आला.
मला. पहिल्यांदा.

"कसा आहे गं?"
"पितळीत विसरलेल्या पेजेसारखा.
मागून थोडा तिखट."
काकीनं डोळे मिटले. "हां. तोच."
मग बऱ्याच वेळानं,
"आणि चांगल्या गादीचा?"

तो मी कधी घेतलाच नव्हता.
चिमूटभर माती नाकाशी धरून
मी अजून सरीत ओणवी,
काकी बांधावर,
कान देऊन.