रिकीब

लाडलेबी मोमीन बिस्किटाच्या डब्यातून पानं घेऊन आली.
"यादगिरी, आधी हात धू.
खळ गव्हाची कर. सरस नको, त्यात हाडं असतात."
मी मोरचूद घालून खळ शिजवली.
साखर पेठेतलं माझं दुकान, शटर आहे, पाटी नाही;
सूतवाल्यांच्या खतावण्या बांधतो.

तिच्या सासूचा मुसहफ. दगडी छाप,
पानांना आकडे नाहीत, शिवण कुजलेली,
कुणीतरी घाईत सगळं उलटसुलट भरलेलं.
मला त्यातलं एक अक्षर येत नाही:
घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि हे उजवीकडून चालतं.
तिला सगळं येतं, दिसत नाही.
डाव्या डोळ्यात नुसता उजेड उरलाय.

"मग कसं जमायचं?"
"पहिल्यांदा तरी कसं जमलं?
तेवीस वर्षं थोडं थोडं उतरत होतं,
कधी रात्री, कधी वाटेत, कधी कुणी काही विचारलं म्हणून.
खजुरीच्या देठावर लिहिलं, पातळ पांढऱ्या दगडावर,
उंटाच्या खांद्याच्या हाडावर..."
हाड म्हणताच मी खळीकडे पाहिलं.
ती न बघताच हसली.
"आणि माणसांत होतं. मग एका लढाईत ती माणसंच पडली.
उरलेले घाबरले, म्हणाले गोळा करा.
ज्याच्यावर काम आलं, तो म्हणाला,
डोंगर हलवायला सांगितला असता तर हलका गेला असता.
नुसतं पाठ आहे म्हणून घेतलं नाही त्याने.
लिहिलेलंही हवं. साक्षीला दोघं हवेत."

दोघं तर होतो.

पानाच्या तळाला, कोपऱ्यात, एक शब्द एकटाच तिरका उभा.
तोच पुढच्या पानाचा पहिला.
"रकाब म्हणतात," ती म्हणाली.
हां, रिकीब. पाय ठेवायचा आणि पुढे चढायचं.
मी आकार सांगायचो: उभी काठी, मग होडी, पोटाखाली टिंब.
ती शब्द ओळखायची, पुढचं म्हणत राहायची,
मी ढिगात होडी शोधायचो.

बाप आठवला. चादरीच्या नक्षीचे पत्ते ठोकायचा,
भोकं पाडून दोरीत ओवायचा.
एक पत्ता मागेपुढे झाला
की मोराची मान मोराला लागत नाही.

मधे मधे ती सांगायची:
हे अनाथाच्या मालाला हात लावणाऱ्यांचं.
हे मधमाशीचं.
हे माप मारणाऱ्यांचं, तुझ्या खतावणीवाल्यांना वाचून दाखव.
हे जिवंत पुरलेल्या पोरीचं; तिला विचारतील, कोणत्या गुन्ह्यासाठी गं?
इथे ती पाणी प्यायली.

"आणि सगळ्यात आधी काय उतरलं?"
"वाच. एवढंच. ते आता येईल, शेवटाकडे."
"पहिलं शेवटी?"
"मागावर बसलास का कधी?
पहिला हात विणलेला कापड रुळावर कुठे जातो?
सगळ्यात आत."

सव्वादोनला वीज गेली. समोरचे माग थांबले.
त्या गप्पगार उन्हात तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला.

शेवटच्या सिपाऱ्यात, पोरांच्या बोटांनी काळवंडलेल्या,
एक रिकीब निघाली आणि तिचं पान निघालं नाही.
डबा झटकला. चादरीचा तुकडा झटकला.
"नाही?" तिने विचारलं.
"नाही."
मग तिने ते पान म्हणायला घेतलं.

तेवढ्यात वीज आली, खटाखटा सगळे माग सुरू.
काही ऐकू येईना. फक्त ओठ हलताना दिसत होते.
मी सुई तशीच धरून बसलो,
ओठ थांबेपर्यंत.