डाव्या कुशीवर

एर्सिलिया पाइनेफिल पहाटेच्या बसने तेमुकोला आल्या,
समुद्राकाठच्या गावाहून, उपाशीपोटी,
बोटांना अजून कोचायुयोचा वास.
आयुष्यभर ते शेवाळ खडकांवरून कापून,
वाळवून, जुड्या बांधून विकलेले हात
आता डोक्यामागे घेऊन निजल्या.

जेल गार आहे हं, मी म्हटलं.
"समुद्राहून नसेल."

पोट भरदार. मी आधी खालची फ्रिक्वेन्सी लावली,
अडीच मेगाहर्ट्झ.
जाड आवाज लांबवर जातो,
चरबी ओलांडतो, यकृत ओलांडतो,
आणि परत येतो तेव्हा
त्याला फक्त मोठ्या गोष्टी आठवतात.
पित्ताशय दिसलं. काळं, शांत,
कोवळ्या वांग्यासारखं.
भिंत पातळ. नळी रुंदावलेली नाही.
बोट 'खडा नाही'कडे गेलंच होतं.

तीन वर्षांपूर्वी ते तिथे टेकलंही होतं.
ओतिलिया पाइनेफिल. थोरली बहीण.
सकाळी यादीत आडनाव वाचलं तेव्हाच मी ओळखलं.
त्यांनी मला ओळखलं की नाही, कळत नव्हतं.

"यातून ऐकू येतं का काही?"
नाही. हा आवाज माणसाच्या कानापलीकडचा.
जाड लावला तर खोल जातो, पण बारकं सुटतं;
बारीक लावला तर कण न् कण सांगतो,
पण वाटेतच विरतो.

त्या हसल्या. "एवढंच ना?
घरातून समुद्र नुसता घुमतो.
गोटे वाजतात ते ऐकायला
पायाला पाणी लागेपर्यंत खाली जावं लागतं."

डाव्या कुशीवर वळा, म्हटलं.
श्वास घ्या. धरून ठेवा.
यकृत बरगड्यांखालून सरकलं,
पित्ताशय बोटभर जवळ आलं.
मी सूर चढवला. पाच.

मसुरीएवढं काहीतरी
तळातून सुटलं, घरंगळलं, थांबलं.
चिमूटभर पांढरा उजेड,
आणि त्याच्यामागे सरळ खाली
एक काळी रेघ, जिथे आवाज पोचलाच नाही.
दगड आम्हाला असाच कळतो,
त्याने काय अडवलं त्यावरून.

"सोडू श्वास?"
सोडा, सोडा.

बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या.
"ओतिलियाचाही एवढाच असेल,"
म्हणाल्या. विचारल्यासारखं नाही.

मी पुसायला कागद दिला.
अहवालात आकार लिहिला, चार मिलिमीटर.
आणि त्यासाठी रकाना नसतो, तरी समासात लिहिलं :
डाव्या कुशीवर. पाचवर. दुसऱ्यांदा पाहिल्यावर.