शिसपेन्सिल

पणजीच्या आमच्या कार्यालयात
तिसऱ्या कपाटाचा खालचा खण अडायचा.
त्यात एक वलंदेज युद्धनौका आहे,
वीतभर लांब, शिसपेन्सिलीची.
चित्रकाराचं नाव नाही. कोपऱ्यात
मागाहून कुणी शाईनं लिहिलंय :
गोव्याच्या बाऱ्यावर.

पहिल्या नऊ तोफांच्या खिडक्या
चौकोनी, नीट, झडपा उघड्या.
दहावीपासून नुसते ठिपके.
साहेब म्हणायचे, घाई.
मी म्हणायचे, लाट.
होडीत बसून काढलं असणार,
मांडीवर फळी, आणि समोर कुणीतरी
वल्ही आवरून धरलेला.
त्याचं नाव शाईनंही लिहिलेलं नाही.

वारा काढता येत नाही. पण
मधल्या परबाणाखाली रेघ इतकी दाबलीय
की कागद खोलगट झालाय.
तो वारा मी बोटानं तपासलाय,
हातमोजा काढून, नियम मोडून.

उजव्या कडेला तीन फिकट फराटे.
आग्वादची टेकडी असेल,
किंवा त्यानं पेन्सिल पुसली असेल.
आम्ही तिथंच कुठंतरी होतो,
कोऱ्या कागदावर,
मिठाच्या गोणी घरात अडकलेल्या,
रोज सकाळी शिडं मोजत.

खण दुरुस्त करायला गुणो मेस्त आला.
पूर्वी बेतीला होड्या बांधायचा.
आता होड्या फायबरच्या येतात
आणि तो सरकारी कपाटं रंधतो.
त्यानं चित्र उचललं, आणि मी नको म्हणेपर्यंत
उलटं धरलं.
पालथी घातल्याशिवाय होडीचं दुखणं
कळत नाही म्हणाला.

बराच वेळ बघत राहिला.
मग पाण्याच्या रेघेशी नख नेलं, टेकवलं नाही.
नाळेकडे रेघ जवभर वर होती.
"उदक घेता हें,"
शेजारच्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं म्हणाला.
"काथ्या सुटला."

इतकी वर्षं ह्या जहाजाला
मी घाबरत आले होते.
ठिपक्यांच्या मागे, तळाशी,
कुणीतरी रात्रभर पाणी उपसत असेल
हे डोक्यातच आलं नव्हतं.
चित्रकाराला ठाऊक होतं का?
की हाताला दिसलं ते हातानं मांडलं,
आणि तो आपला शिडांत गुंग?

गुणोनं कानावरची पेन्सिल काढली.
गळती कुठं ते फुली मारून दाखवणार होता.
मी मनगट धरलं. तो हसला.
मग फुली त्यानं खणाच्या तळाला मारली,
लाकडावर, सुताराच्या जाड शिशानं.
मी जहाज बरोब्बर तिच्यावर ठेवलं.

खण आता अडत नाही.
दोन बोटांनी ओढला तरी
सर्रकन बाहेर येतो,
सगळं घेऊन.
त्याची अजून सवय व्हायचीय.