बारा वेढे

आई रेशीम उकलायची,
मी तांबं गुंडाळलं.
ओकायातल्या रेशमाच्या गिरण्या तोवर बसल्या होत्या.
उकडलेल्या कोशांचा वास न गेलेल्या त्याच शेडमध्ये
कंपनीनं टेबलं मांडली, सूक्ष्मदर्शकं मांडली,
लहान हातांच्या मुली मांडल्या.

केसाहून बारीक तार.
तांदळाच्या कणीएवढ्या चौकटीवर
बारा वेढे उजवे, बारा डावे.
सकाळी चहा प्यायचा नाही, हात थरथरतो.
वेढा पडेपर्यंत श्वास घ्यायचा नाही.
दिवसाला चार कार्ट्रिज झाल्या तर मोमोसे-सान मान हलवत,
पाच झाल्या तर संशय घेत.

आवाज आम्ही पाहायचो, ऐकत नसू.
मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आला
की आत, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी
निळ्या लाखेचा ठिपका. म्हणजे हिसाए.
एका कार्ट्रिजची किंमत माझे दोन पगार.
ती कुठे जाते, कुणाच्या दिवाणखान्यात वाजते,
विचारायचं कधी सुचलंही नाही.

मग चंदेरी तबकड्या आल्या.
निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
तेही मागे पडायचं.

या वसंतात मात्सुमोतोहून एक निवृत्त दंतवैद्य आले, ओगुची म्हणून.
रुमालाची पुरचुंडी सोडता सोडता म्हणाले,
"पहिल्या नोकरीत हप्त्यानं घेतली होती.
दुकानदार म्हणतो, फेका, नवी घ्या."
मोतीबिंदू काढलेला डोळा मी भिंगाला लावला.
सुई ठीक. रबर अजून दोनेक वर्षं ओढेल.
आणि कोपऱ्यात, दाढेतल्या किडीएवढा,
माझा निळा ठिपका.

मी एकही कधी ऐकली नाही म्हटल्यावर
माणूस इतका ओशाळला
की रविवारी स्वतः गाडी घेऊन दारात.

कपाटाएवढे दोन स्पीकर.
अँप्लिफायरच्या काचेच्या दिव्यांना तापायला वीस मिनिटं.
"बायको होती तेव्हा आवाज कमी ठेवायचो," म्हणाले,
"आता शेजारीसुद्धा उरले नाहीत."

सुई टेकली.
आधी नुसती खोली ऐकू आली,
दुसरी, लांबची, परक्या देशातली खोली.
खुर्ची करकरली.
कुणीतरी श्वास आत ओढला
आणि धरून ठेवला.
तो श्वास माझ्या ओळखीचा होता.
पियानो नंतर आला.

"डावीकडे जरा कमी येतं," ओगुची म्हणाले,
"चाळीस वर्षं हे बटण थोडं वळवूनच ठेवलंय.
दोष माझ्या कानाचा. ड्रिलनं खाल्ला."

शरद ऋतू होता. शेजारच्या टेबलावरून सुमिए कुजबुजली,
लेथवरच्या पोरानं विचारलंय, हो म्हणू का?
मी मान वर केली, खाली घातली.
अकरा झाले होते की बारा?
काटा हिरव्या पट्ट्याच्या अगदी काठाला टेकला,
मीटरनं माफ केलं.
मी रात्रभर अंथरुणात मोजत राहिले.
सकाळी पेटी रवाना झालेली.

ओगुचींना यातलं काही बोलले नाही.
चहा मागितला. आता चालतो.
त्यांनी दुसरी बाजू लावली,
बटण होतं तसंच वळलेलं,
त्याच्याभोवतीचे आकडे बोटांनी पुसून गेलेले.

परतीच्या गाडीत, मांडीवर,
उजवा अंगठा आपोआप फिरायला लागला.
सुमिए आता नागोयात असते, गुडघ्यांनी बेजार.
तिला फोन करायला हवा.
अकराच होते, म्हणून सांगायला.