आठ नंबर

ऑक्टोबरात पोतं आलं तेव्हा जर्सी बारा होत्या,
निळ्या, कोऱ्या करकरीत,
पाठीवर नंबर, नंबरावर मासळीच्या कारखान्याचं नाव,
म्हणजे माझ्याच मालकाचं.
दिवसा मी त्याचे कॉड सोलते,
रात्री त्याचं नाव धुते.

गाव केवढं? नऊशे माणसं, एक पेट्रोलपंप,
पोहण्याचा तलाव, तलावाला चिकटून हॉल,
आणि दोघांच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत मी.
दोन मशीन, एक ड्रायर, एक स्टूल.
आइसलँडात गरम पाणी जमिनीच्या पोटातून येतं,
गंधकाचा वास घेऊन.
पोलंडहून आले त्या वर्षी मला वाटायचं,
कुणीतरी अंडी विसरून गेलंय.

मॅच मी पाहत नाही. ऐकते.
चेंडू सावकाश, एका ठेक्यात आपटला
की थॉरबर्गुर आणतोय, त्याला घाई नसते.
मग धावाधाव, बुटांच्या किंकाळ्या,
मग एक श्वासभर काहीच नाही.
आमच्यांनी बास्केट केली तर फळीवरची साबणाची बाटली थरथरते.
त्यांनी केली तर नाही.
बाटलीवरून मी स्कोअर धरते.
दोन-चार पॉइंटांपलीकडे चुकत नाही.

माणसं ओळखते ती डागांवरून.
चार नंबर थॉरबर्गुर, वायरमन, काखेत शिवण उसवलेली.
अकरा नंबर स्तेइनार, वय सतरा,
छातीवर हॉट डॉगची मोहरी,
आणि जानेवारीपासून कुणाचं तरी अत्तर.
आठ नंबर ओडेल.
अलाबामाचा. पगारी. सात महिन्यांचा करार.
मॅच संपली, दिवे अर्धे झाले,
तरी हा एकटाच बास्केट टाकत बसतो.
शंभर झाल्याशिवाय जर्सी काढत नाही,
आणि मी घरी जाऊ शकत नाही.

एकदा दारात आला, भलताच उंच, मान वाकवून.
त्याला पोलिश येत नाही, मला इंग्रजी.
इथल्या भाषेतले सात-आठ शब्द दोघांकडे होते,
तेच फिरवून फिरवून वापरले:
थंड. आई. पैसे. उद्या.
तासभर पुरले.

डिसेंबरात घाट बंद.
दक्षिणेकडचा संघ तीनदा निघाला, तीनदा परतला,
मग एकाच आठवड्यात तीन मॅच.
तिन्ही गेल्या. बाटली हलायचं विसरली.
फेब्रुवारीत ओळीने पाच जिंकल्या,
तेव्हा सुपरवायझरनेसुद्धा शिफ्ट लवकर सोडली.
तो माणूस, जो लघवीचे मिनिट मोजतो.

शेवटची मॅच मार्चअखेर.
जिंकलो तर राहतो, हरलो तर खालच्या लीगमध्ये.
आणि संध्याकाळी पाचला ड्रायर बसला.
अकरा जर्सी मी रेडिएटरवर सुकवल्या.
आठ नंबर वाळेना.
टॉवेलात गुंडाळली, वर उभी राहिले,
पिळली, झटकली, पुन्हा पिळली.
ओडेलने तशीच ओली अंगात घातली.
"थंड," म्हणाला.
"उद्या," मी म्हणाले.
हसला. काय कळलं त्याला, देव जाणे.

मशीन बंद. हाताला काम नाही.
मग मी पहिल्यांदा दार ढकलून आत गेले.
थॉरबर्गुरला टक्कल आहे!
मी त्याला केस दिले होते, इतकी वर्षं.
घड्याळात अकरा सेकंद, एक पॉइंट कमी.
चेंडू ओडेलकडे.
पाठीवर ओल्या कापडाचा गडद पट्टा.
टाकला. कडीवर बसला, फिरला,
फिरला,
आणि बाहेरच्या बाजूने उतरला,
जसं कुणी पायरी चुकतं.

कुणी गेलं नाही. माणसं खुर्च्या घडी करू लागली.
ओडेलनेही केल्या, चार-चार एका हातात.

एप्रिलात पोतं आलं. जर्सी बाराच.
आठ नंबरच्या गळ्याला मिठाची पांढरी रेघ.
एका धुण्यात निघाली.
निघतं सगळं इथल्या पाण्याने.
पुढच्या साली कुणीतरी घालेल ती, त्याला होईल तशी.
पाठीवर नाव मालकाचंच आहे.